गोल करणारे, संघ घडवणारे : मुंबई-गोव्याच्या फुटबॉलमधले आघाडीपटू प्रशिक्षक

पश्चिम भारतात फुटबॉलची जुनी घरे दोनच, मुंबई आणि गोवा. मुंबईत 1891 साली रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पुढची चार-साडेचार दशके तो गोऱ्या पलटणींच्याच हातात राहिला. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कुठे त्यावर भारतीय नागरी संघाचे नाव लागले. गोव्यातला आरंभ त्याहून थोडा आधीचा. 1883 मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स हे इंग्रज पाद्री शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला. पुढे तो चर्च आणि शाळांच्या आधाराने गावोगाव पसरला.

या दोन्ही ठिकाणी कितीतरी वर्षे प्रशिक्षक नावाचा वेगळा माणूस नव्हता. कोणाला खेळवायचे, कोणाला कुठे उभे करायचे, हे कर्णधार ठरवी. शाळेचा संघ असेल तर मास्तर किंवा पाद्री, पलटणीचा असेल तर अधिकारी. सामना हरला तर खापर गोलरक्षकावर फुटे, जिंकला तर गोल करणाऱ्याला खांद्यावर घेत. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही जय-पराजयाचा वाटेकरी धरायचे, ही रीत भारतात खऱ्या अर्थाने रुजवली ती हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. पेशाने शिक्षक असलेले रहीम 1950 पासून भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. 1951 आणि 1962 अशी आशियाई स्पर्धेतली दोन सुवर्णपदके त्यांच्या नावावर आहेत. खेळाडू म्हणून मात्र त्यांचे नाव देशभर झालेले नव्हते. नामांकित खेळाडूच उत्तम प्रशिक्षक होतो हा समज भारतात पहिल्याच मोठ्या उदाहरणाने खोटा ठरवला होता. तरीही तो समज टिकून राहिला, आणि त्याची सर्वांत कठीण परीक्षा आघाडीच्या खेळाडूंची झाली.

रहीम यांच्या 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिक संघात दोन आघाडीपटू होते, आणि त्यांच्या पुढच्या वाटा या विषयाच्या दोन टोकांना गेल्या. पहिले नेव्हिल डिसोझा. मूळचे गोव्याचे, मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. 1 डिसेंबर 1956 रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 असे हरवले, त्यातले तीन गोल नेव्हिल यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला, पण भारत तो सामना 1-4 असा हरला आणि पुढे बल्गेरियाकडूनही पराभूत होऊन चौथा आला. स्पर्धेत चार गोल करून नेव्हिल सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिले. मुंबईत ते टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळले. कॅल्टेक्सने 1958 चा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांची ओळख अखेरपर्यंत गोलवीर हीच राहिली. संघ घडवणारा माणूस म्हणून त्यांचे नाव झाले नाही.

दुसरे प्रदीपकुमार ऊर्फ पी. के. बॅनर्जी. उजव्या बगलेवरून धावणारे, रेल्वेत नोकरी करणारे. खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले, तेव्हा ते संघाच्या प्रशिक्षकांत होते. 1972 पासून ईस्ट बंगालची आणि नंतर मोहन बागानची सूत्रे त्यांनी सांभाळली. 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असे हरवले. दोनच वर्षांनी त्याच मोहन बागानला त्यांनी एका मोसमात शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक जिंकून दिले. म्हणजे मुंबईच्या कूपरेज मैदानावर ज्या रोव्हर्स स्पर्धेने मुंबईचे आघाडीपटू मोठे केले, तिच्यावर कोलकात्याच्या आघाडीपटू प्रशिक्षकाने नाव कोरले.

हा फरक दोघांच्या गुणांचा होता असे मानायला आधार नाही. तो बराचसा व्यवस्थेचा होता. कोलकात्यातले मोठे क्लब लोकांचे होते. तिथे प्रशिक्षकाला मानधन होते, वर्तमानपत्रांत नाव होते आणि सामना हरल्यावर शिव्याही होत्या. मुंबईचा फुटबॉल कंपन्यांचा होता. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळे ती गोल करण्यासाठी, पण पगार मिळे तो कारकुनाचा. सकाळी सराव, दुपारी कचेरी. बूट खुंटीला टांगल्यावर टेबल तसेच राही, बढत्या मिळत, निवृत्तिवेतन मिळे. प्रशिक्षक होण्यासाठी ते टेबल सोडणे घरच्यांना पटणे कठीणच होते. पतियाळाला 1961 मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि प्रशिक्षणाची पदविका मिळू लागली. पण ती घेतलेल्या माणसाला कंपनीच्या संघाबाहेर कामच फार कमी होते. चांगले आघाडीपटू मुंबईने पुष्कळ दिले, त्यांचे प्रशिक्षक झाले नाहीत याचे मोठे कारण पैशाच्या या हिशोबात आहे.

गोव्याची गोष्ट जरा वेगळी. पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस, 22 डिसेंबर 1959 रोजी, गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्या सुमारास खाणमालकांनी संघ पोसायला सुरुवात केली. साळगावकरांचा क्लब 1956 चा, सेझा गोवा आणि धेंपो साठच्या दशकातले. चर्चिल ब्रदर्स 1988 मध्ये आला. खेळाडूला इथेही नोकरी मिळे, पण क्लबच्या मागे गाव असे. मडगाव, वास्को, म्हापसा इथल्या सामन्यांना जाणारा प्रेक्षक नुसता कंपनीचा कामगार नव्हता, त्याला खेळ कळत होता. त्यामुळे कोणी संघ कसा मांडला यावर तावातावाने बोलणारे लोक गोव्यात आधीपासून होते. प्रशिक्षकाला मान मिळण्यासाठी अशी माणसे लागतात.

मैदानावरचे यशही हळूहळू आले. 1982-83 ची संतोष ट्रॉफी गोव्याने बंगालबरोबर वाटून घेतली, पुढच्या वर्षी एकट्याने जिंकली. त्या विजयात गोव्याने स्पर्धाभर एकही गोल खाल्ला नाही. कर्णधार होते गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर क्लबने 1988 आणि 1989 असे सलग दोनदा फेडरेशन चषक जिंकले आणि कोलकात्याची मक्तेदारी खिळखिळी केली. गोव्याची ख्याती गोल करणाऱ्यांमुळे जितकी झाली, तितकीच गोल वाचवणाऱ्यांमुळे झाली, हे इथेच लक्षात ठेवायला हवे.

गोव्याच्या क्लबला देशाची लीग पहिल्यांदा जिंकून देणारा प्रशिक्षक मात्र जातिवंत आघाडीपटूच होता, आणि तो गोव्याचा नव्हता. शब्बीर अली हे हैदराबादचे. 1974 मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत भारताने इराणबरोबर संयुक्त विजेतेपद मिळवले, त्या संघात ते होते. मुंबईत टाटांकडून, कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहामेडन स्पोर्टिंगकडून ते खेळले, भारताचे कर्णधार झाले. नव्वदच्या दशकात ते साळगावकरचे प्रशिक्षक म्हणून वास्कोत आले. 1996 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग 1998-99 च्या मोसमात साळगावकरने जिंकली. त्याआधी 1997 चा फेडरेशन चषकही क्लबकडे आला होता. त्या संघाच्या आघाडीवर ब्रुनो कुतिन्हो होते, ज्यांना पुढे 2001 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. गोल कसा करायचा हे ज्याला हाडामासात ठाऊक आहे असा प्रशिक्षक आणि तितकाच तरबेज गोलवीर एकत्र आले, की काय होते याचे हे भारतातले दुर्मीळ उदाहरण आहे. शब्बीर अलींना 2011 मध्ये ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. गोव्यातला त्यांचा वाटा मात्र आज क्वचित कोणी सांगतो.

या प्रवासाचा जागतिक नमुना पाहायचा तर मेक्सिकोच्या ह्यूगो सांचेझकडे वळावे लागते. 1958 मध्ये जन्मलेला सांचेझ मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्यूमास संघातून पुढे आला, आणि खेळता खेळता त्याच विद्यापीठातून दंतवैद्य झाला. 1981 मध्ये तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला, 1985 मध्ये त्याच शहरातल्या रेआल माद्रिदला. स्पॅनिश लीगमध्ये एका मोसमात सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने पाच वेळा मिळवला. 1989-90 मध्ये त्याने 38 गोल केले. ते सगळे पहिल्याच स्पर्शात मारलेले होते, म्हणजे चेंडू आला की थेट जाळ्यात. गोल झाला की तो हवेत कोलांटी मारी. ती कला घरातली होती, त्याची बहीण जिम्नॅस्ट होती आणि 1976 च्या ऑलिंपिकमध्ये उतरली होती. रेआलने त्याच्या काळात सलग पाच वेळा लीग जिंकली.

मेक्सिकोसाठी मात्र त्याचे नशीब तसे फळले नाही. 1986 च्या घरच्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याची पेनल्टी अडवली गेली आणि सामना 1-1 असा सुटला. 1990 चा विश्वचषक हातून गेला तो संघटनेच्या चुकीने. युवा स्पर्धेत वय चोरलेले खेळाडू उतरवल्याबद्दल मेक्सिकोवर बंदी आली होती, आणि नेमका तोच सांचेझच्या भराचा काळ होता.

प्रशिक्षक म्हणून सांचेझ पुन्हा प्यूमासकडे आला आणि 2004 मधल्या दोन्ही छोट्या स्पर्धा, क्लाउसुरा आणि अपर्तुरा, लागोपाठ जिंकल्या. मेक्सिकोत छोट्या स्पर्धांची पद्धत आल्यापासून असे कोणाला जमले नव्हते. त्याच वर्षी त्याच्या संघाने माद्रिदला जाऊन बर्नाबेऊ मैदानावरच्या मानाच्या सामन्यात रेआलला 1-0 असे हरवले. 2006 मध्ये त्याच्याकडे मेक्सिकोचा राष्ट्रीय संघ आला. 2007 च्या कोपा अमेरिकेत त्या संघाने ब्राझीलला 2-0 असे नमवले आणि तिसरे स्थान मिळवले, पण त्याच वर्षीच्या गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात अमेरिकेकडून 1-2 अशी हार पत्करली. पुढच्या वर्षी 23 वर्षांखालचा संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नाही आणि मार्च 2008 मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. त्यानंतर स्पेनमध्ये अल्मेरिया आणि मेक्सिकोत पाचुका इथे तो थोडाथोडा काळ राहिला. जुन्या वैभवाच्या बळावर मिळालेले पद आणि त्याच वैभवामुळे वाढलेल्या अपेक्षा, या दोन्ही गोष्टी सांचेझच्या वाट्याला आल्या. प्यूमासमध्ये त्या पेलल्या, राष्ट्रीय संघात पेलल्या नाहीत.

गोव्यात सांचेझच्या प्यूमासइतके वर्चस्व ज्या प्रशिक्षकाने गाजवले, ते आर्मांडो कुलासो. 2000 ते 2013 ही तेरा वर्षे ते धेंपोचे प्रशिक्षक होते. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक मोसमाच्या मध्यावर बदलण्याची सवय असताना हा कालावधीच नवल वाटावा असा. या काळात धेंपोने 2004-05 आणि 2006-07 ची राष्ट्रीय लीग आणि 2007-08, 2009-10, 2011-12 ची आय-लीग अशी पाच विजेतेपदे मिळवली. 2008 मध्ये संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता, त्याला चेंडू पुरवायला ब्राझीलचा बेटो. त्यांच्या मागे उभा असलेला कणा मात्र गोमंतकीय होता. महेश गवळी आणि समीर नाईक बचावात, क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा मधल्या फळीत. परदेशी गोलवीर येत आणि जात, देशी कणा तसाच राही. या कण्यातूनच पुढे प्रशिक्षक निघाले, हा योगायोग नव्हता. गवळी भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. समीर नाईक धेंपोचे प्रशिक्षक झाले. मिरांडांनी ओडिशा एफसीची तात्पुरती सूत्रे हाती घेऊन 25 एप्रिल 2023 रोजी कोझिकोडला बंगळुरूला 2-1 असे हरवले आणि सुपर कप जिंकला.

आघाडीचे खेळाडू परदेशातून आणायचे ठरले की दुसरीही एक गोष्ट घडते. गोव्यातला होतकरू आघाडीपटू वर्षानुवर्षे राखीव बाकावर बसतो किंवा बगलेवर ढकलला जातो. 2000 नंतरच्या लीगमध्ये बहुतेक क्लबांचे मुख्य गोलवीर नायजेरिया, ब्राझील अशा देशांतून आलेले होते. ते मोसम संपला की मायदेशी किंवा दुसऱ्या क्लबला जात. त्यांच्यापैकी कोणी इथे राहून प्रशिक्षक होण्याची शक्यता फार कमी असे, आणि ज्या देशी मुलाला तो अनुभव मिळायला हवा, त्याला तो मिळाला नाही. आघाडीतून प्रशिक्षक न येण्यामागे हे कारण नोकरीच्या टेबलाइतकेच मोठे आहे.

चर्चिल ब्रदर्सने 2012-13 ची आय-लीग जिंकली ती कोलकात्याच्या एका आघाडीपटूच्या मदतीने. सुभाष भौमिक 1970 च्या कांस्यपदक विजेत्या संघात होते, म्हणजे बॅनर्जींच्या हाताखाली खेळलेले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी ईस्ट बंगालला 2002-03 आणि 2003-04 अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय लीग जिंकून दिली, आणि 2003 मध्ये जकार्ताला आसियान क्लब अजिंक्यपदही मिळवून दिले. अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला 3-1 असे हरवले होते. परदेशात भारतीय क्लबने मिळवलेले असे यश आजही मोजकेच आहे. चर्चिलकडे भौमिक तांत्रिक संचालक होते आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून मारियानो डायस यांचे नाव होते. बॅनर्जी ते भौमिक ही आघाडीपटू प्रशिक्षकांची साखळी बंगालमध्ये टिकली. तिचे एक टोक गोव्यापर्यंत पोहोचले, पण गोव्याने स्वतःची तशी साखळी घातली नाही.

या काळात प्रशिक्षकाचा धंदाच बदलत होता. आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो असे परवाने आले. वरच्या लीगमध्ये संघ उतरवायचा तर प्रशिक्षकाकडे वरचा परवाना हवा, अशी अट आली. जुन्या काळी मोठे नाव हाच परवाना होता. आता वर्गात बसावे लागे, सरावाचे आराखडे लिहून द्यावे लागत, परीक्षा द्यावी लागे. या शिक्षणाची धुरा काही काळ गोव्याच्याच माणसाकडे होती. साळगावकरचे माजी मध्यरक्षक सावियो मदेरा अखिल भारतीय फुटबॉल महासंघात प्रशिक्षक-शिक्षणाचे काम पाहत होते. त्याआधी 2011 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक होते. डिसेंबर 2011 मध्ये दिल्लीत त्यांच्या संघाने अफगाणिस्तानला 4-0 असे हरवून सॅफ स्पर्धा जिंकली. तीनच महिन्यांनी काठमांडूत एएफसी चॅलेंज चषकातले तिन्ही सामने भारत हरला आणि पद परदेशी प्रशिक्षकाकडे गेले.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिने आघाडीपटू प्रशिक्षक या प्रकाराचे जागतिक नमुने थेट दारात आणून उभे केले. सुरुवातीच्या मोसमांत मुख्य प्रशिक्षक परदेशीच असत, आणि क्लबांना तिकिटे विकायला नाव हवे असे. एफसी गोवाने झिकोला आणले. झिको नेमका मध्यभागी उभा राहणारा गोलवीर नव्हे, दहा क्रमांकाचा, आघाडीच्या थोडा मागे खेळणारा. पण ब्राझीलसाठी 71 सामन्यांत 48 गोल केलेल्या माणसाला आघाडीपटू म्हणायला कोणाची हरकत असू नये. सांचेझप्रमाणे त्याचीही पेनल्टी 1986 च्या विश्वचषकातच, मेक्सिकोतच हुकली होती, फ्रान्सविरुद्ध ग्वादालाहाराला. पुढे जपानचा संघ त्याने 2006 च्या विश्वचषकाला नेला, तुर्कस्तानच्या फेनरबाहचेला 2008 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचवले. म्हणजे गोव्यात आला तेव्हा तो नुसता शोभेचा नव्हता.

पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझिलियनला गोव्यात पाहुणा म्हणून कोणी वागवले नाही. पहिल्या मोसमात संघ उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरला. दुसऱ्या मोसमात झिकोच्या गोव्याने आक्रमक खेळाची मैफल मांडली. 17 नोव्हेंबर 2015 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटीचा 7-0 असा फडशा पडला. दुदू आणि हाओकिप या दोघांनी त्यात हॅटट्रिक केली. पुढच्या महिन्यात, 20 डिसेंबरला, त्याच मैदानावर अंतिम सामना चेन्नईयिनशी झाला. 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 असा पुढे होता. त्यानंतरच्या पाच मिनिटांत आधी गोव्याच्या गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला, मग चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल मारला आणि चषक गेला. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून मार्को माटेराझी होता, इटलीचा बचावपटू. तिसऱ्या मोसमात गोवा तळाला गेला आणि झिकोचा गोव्यातला काळ संपला. गोल करण्याचा ध्यास संघात उतरवणे त्याला जमले, तीन मिनिटे आघाडी राखणे संघाला जमले नाही. फातोर्डाच्या त्या रात्रीवर गोव्यात अजून वाद चालतात.

त्या 7-0 च्या सामन्यात मुंबई सिटीचा प्रशिक्षक होता निकोला अनेल्का. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये 2008-09 ला सर्वाधिक, 19, गोल केलेला हा फ्रेंच स्ट्रायकर 2014 मध्ये मुंबईत खेळाडू म्हणून आला आणि 2015 मध्ये खेळाडू-प्रशिक्षक झाला. एकाच माणसाने आघाडीवर धावायचे आणि बदलीचा निर्णयही घ्यायचा, ही व्यवस्था युरोपातही कालबाह्य झाली होती. संघात सुनील छेत्री होता, मोठी नावे होती, तरी मुंबई सहाव्या स्थानी राहून बाद फेरीबाहेर गेली. अनेल्काची नेमणूक फुटबॉलचा विचार करून झाली असे म्हणणे अवघड आहे, ती जाहिरातीची नेमणूक होती. कोलकात्याने पुढे हाच प्रयोग टेडी शेरिंगहॅम आणि रॉबी कीन या दोन स्ट्रायकरांवर केला, त्याचेही फळ फार वेगळे नव्हते.

लिव्हरपूलचा रॉबी फाउलर भारतात प्रशिक्षक झाला तो तर पूर्ण काळ गोव्यातच. महासाथीमुळे 2020-21 चा सगळा मोसम प्रेक्षकांविना फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे खेळवला गेला, आणि त्याच्या ईस्ट बंगालचे घरचे मैदान ठरले वास्कोचे टिळक मैदान. संघ अकरापैकी नववा आला. त्याच मोसमात अंतिम सामन्यात मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला 2-1 असे हरवले. मुंबईचा प्रशिक्षक सर्जियो लोबेरा होता. खेळाडू म्हणून त्याचे नाव भारतात कोणाला माहीत नव्हते, प्रशिक्षक म्हणून मात्र एफसी गोवाने त्याच्याकडून आधीच सुंदर फुटबॉल पाहिला होता.

खेळाडू आणि प्रशिक्षक यांचे नाते सगळ्या खेळांत सारखे नसते. खानदेशात, भडगाव-चाळीसगावच्या बाजूला, जय-पराजयाचा खेळ म्हणजे आधी कुस्ती, आणि तालमीतला वस्ताद हा एकेकाळचा मल्लच असतो. ज्याने फड मारले त्यानेच पोरांना डाव शिकवावेत, असे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. फुटबॉलमध्ये हे गणित जुळत नाही, कारण मल्ल सगळी कुस्ती एकटा लढतो आणि आघाडीपटू सामन्याचा एकच तुकडा जगतो. त्याची नजर गोलकडे, पाठ आपल्या संघाकडे. मधल्या फळीतला खेळाडू दोन्ही बाजू पाहतो, बचावपटू तर सगळा सामना समोर घेऊन उभा असतो. सांचेझचे 38 गोल पहिल्या स्पर्शाचे होते, म्हणजे विचाराला वेळ न देता घेतलेले निर्णय, आणि असे निर्णय दुसऱ्याला समजावून सांगणे सर्वांत कठीण. शब्बीर अली, बॅनर्जी, भौमिक यांनी ते जमवून दाखवले, तेव्हा आघाडीपटू प्रशिक्षक होऊच शकत नाही असा नियम कोणी करू नये. पण पश्चिम किनाऱ्यावरचा जमाखर्च मांडला तर पारडे मागच्या फळ्यांकडेच झुकते.

डेरिक परेरा हे त्याचे ठळक उदाहरण. गोव्याचे हे बचावपटू मुंबईत महिंद्रा युनायटेडचे प्रशिक्षक झाले आणि 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली. मुंबईच्या कंपनी-फुटबॉलचे ते शेवटचे लीग विजेतेपद, कारण 2010 मध्ये महिंद्राने संघच बंद केला. परेरा तोवर पुणे एफसीकडे गेले होते आणि 2012-13 मध्ये तो संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. पुण्याचाही क्लब पुढे टिकला नाही. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. प्रशिक्षक तयार होतात ते क्लबमध्ये, आणि महाराष्ट्र-गोव्यातले क्लबच एकामागून एक मिटत गेले.

या पडझडीतून वर आलेले खालिद जमील हे मुंबईचे मध्यरक्षक, जन्म कुवेतचा. महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी इथे खेळून 2009 मध्ये ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. सात वर्षे कमी पैशांत संघ खालच्या लीगमध्ये घसरू न देणे हेच त्यांचे काम होते. 2016-17 मध्ये त्यांनी मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. हा क्लब आदल्याच मोसमात खालच्या लीगमध्ये घसरला होता आणि नंतर परत घेतला गेला होता. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना सुपर लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक नेमले. 1 ऑगस्ट 2025 रोजी ते भारताचे प्रशिक्षक झाले. मदेरांनंतर तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस बसला होता. सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टींवर हरवून त्यांच्या संघाने तिसरे स्थान घेतले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी फातोर्डाला भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली.